सविताचं मंगळसूत्र

सामना सुरू व्हायच्या आधी सविता माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि मान वाकवायची. "काढा, ताई," एवढंच म्हणायची. तिची उंची पाच फूट दहा इंच. एकदा वर्तमानपत्रात सहा फूट छापून आलं होतं, ते खरं नाही. आमच्या दाराच्या चौकटीशी उभी करून मीच तिला टेपनं मोजलेलं आहे. माझी उंची चार फूट अकरा. त्यामुळे नुसती मान वाकवून भागायचं नाही, तिला गुडघेही वाकवावे लागायचे. मग मी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढायचे आणि तिथंच, सगळ्यांदेखत, माझ्या मंगळसूत्रावर घालायचे. ती मैदानात पळायची. मी दोन मंगळसूत्रं घालून पायऱ्यांवर जाऊन बसायचे.

सविता माझी धाकटी जाऊ. पुसदकडच्या एका तांड्यावरची. कापूस वेचत वाढलेली आणि शाळेतल्या खेळाच्या सरांनी केवळ उंची पाहून बास्केटबॉलला लावलेली. ती विद्यापीठाकडून खेळली, मग राज्याच्या संघात गेली. माझ्या दिरांनी, दिनेशभाऊजींनी, तिला यवतमाळच्या मैदानावर खेळताना पाहिलं आणि बाभुळगावला घरी येऊन सांगितलं की करीन तर हिच्याशीच. सासूबाईंचा विरोध तांड्याला जेवढा होता, त्याहून जास्त उंचीला होता. "आपल्या दिन्यापेक्षा हातभर उंच हाये थे पोट्टी. फोटोत कसं दिसन?" असं त्या म्हणाल्या. फरक दोन इंचांचा होता. पण तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्यात पंचांनी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. खेळताना गळ्यात, कानात, हातात काहीही चालत नाही. ओढलं गेलं तर खेळणारीला किंवा समोरच्या मुलीला इजा होते. तिनं मंगळसूत्र चिकटपट्टीनं छातीशी दाबून बसवलं होतं. पंच ऐकेनात. त्या दिवशी ती न खेळताच घरी आली आणि सासूबाईंना जसं घडलं तसं सांगून मोकळी झाली. लपवाछपवी तिला जमतच नव्हती. शेजारच्या काकूंनी हळदीचा दोरा बांधायचं सुचवलं. दोराही गळ्यातच येतो, तोही चालत नाही, हे सविताने त्यांना समजावून सांगितलं. मग बऱ्याच दिवसांनी एका दुपारी सासूबाईंचा निवाडा आला.

"काढाचं आसन तं काढ. पन आपल्या हातानं नाई काढाचं. अन् थे पिशवीत नाई राह्यलं पायजे. सवाष्णीचं लेनं सवाष्णीच्याच गळ्यात पायजे. थोरली जाईन तुह्या संगं."

थोरली म्हणजे मी. मी तेव्हा भाकरी थापत होते. माझा हात थांबला तो आनंदानं नव्हे. मी बी.कॉम. आहे, पहिल्या श्रेणीत. लग्न होऊन आले तेव्हा बँकेच्या परीक्षेला नागपूरला जाऊ का, असं याच सासूबाईंना याच चुलीजवळ विचारलं होतं. "घरची थोरली सून यष्टीनं परीक्षेले जाईन? काहून? घरात काय कमी हाये?" हे तेव्हाचं उत्तर. आता धाकटीला उड्या मारायला जाता यावं म्हणून थोरलीनं यष्टीनं जायचं होतं. परीक्षा द्यायला नव्हे, गळा द्यायला.

असा माझा प्रवास सुरू झाला. अमरावती, नागपूर, नांदेड, एकदा पुणेसुद्धा. पायऱ्यांवर बसलेल्या बायका माझ्या गळ्याकडे पाहायच्या. एकीनं उमरखेडला विचारलंच, "बाई, दोन दोन? नवरे बी दोन हायेत का?"

मी म्हटलं, "नवरा एकच आहे. दुसरं त्या पळणारीचं आहे."

"मंग थिचा नवरा कोठी हाये?"

"तो घरी आहे. म्हशीचं दूध काढतो."

ती बाई पदर तोंडाला लावून सामना संपेपर्यंत हसत होती.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. आकडे मात्र कळत होते. दोनाचा गोल, तीनाचा गोल, एकाचा गोल. ही काही फार अवघड बेरीज नव्हे. थोड्याच दिवसांत कोणी किती टाकले, कोणाचे किती हुकले, कोणाचे किती फाउल झाले, हे सगळं माझ्या डोक्यात राहू लागलं. हे सविताच्या लक्षात आलं, आणि परतीच्या बसमध्ये ती विचारू लागली. "ताई, पाच नंबरच्या पोरीनं मले किती वेळा चकवलं?" मी सांगायचे. एक आकडा कमी करून सांगावा असं माझ्या मनात कधी आलं नाही. एखादा वाढवून सांगावा असं बऱ्याचदा आलं, पण आकड्यात खोटं मला बोलता येत नाही.

खेळ कसा पाहायचा ते तिनं मला त्याच बसमध्ये शिकवलं. मी चेंडूकडे पाहायचे. ती म्हणायची, "चेंडू पाहू नका वो ताई. तोंड बी पाहू नका. समोरची इकडं पाह्यते अन् तिकडं जाते. डोये लबाड, कंबर खरी. कंबर जिकडं, मानूस तिकडं." पुढं हे तिचं घरातलंही बोलणं झालं. पाहुणा "निघतो, निघतो" म्हणत बसून राहिला, की स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात सांगायची, "ताई, चहा ठेवा. कंबर हालली नाई अजून." आणि खरंच, तो जेवूनच जायचा.

मी तिचा हेवा करत होते. हे मी लपवून कोणाला फसवायचं? तिला सगळं मिळत होतं आणि मागावं लागत नव्हतं. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी घरात आली आणि सासूबाई तिच्यासाठी दुधावरची साय बाजूला काढून ठेवू लागल्या, "उड्या माराच्या असतात थिले" म्हणून. मी काय दिवसभर बसून असायचे? तिची भाकरी जाड व्हायची, तर "खेळनाऱ्या पोरीचा हात हाये" म्हणून कौतुक. माझ्या भाकरीबद्दल कोणी कधी बोललं नाही, कारण ती चांगली असायची. गावात ती चालली की लोक थांबून पाहायचे. मी शेजारी असायचे, पण मला पाहायला लोकांना मान खाली घालावी लागली असती. एकदा वर्तमानपत्रात चषकासह तिचा फोटो आला. मी बाजूला होते, अर्धी कापलेली. खाली छापलं होतं, 'खेळाडू आपल्या मातोश्रींसह'. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. फक्त सहा. आमच्या ह्यांनी तो कागद फ्रेम करून बैठकीत लावला.

तिच्या अंगात खोट असती तर हेवा सोपा गेला असता. सामना जिंकून आली की आधी माझ्यासमोर येऊन मान वाकवायची, मग चषक घ्यायला जायची. पत्रकार उभे असत, मुली ओढत असत. "थांबा बाप्पा, मले आधी नवरा घालू द्या गळ्यात," असं म्हणून सगळ्यांना हसवायची. घामानं चिंब मान, श्वास फुललेला. मी फासा अडकवायला मुद्दाम थोडा वेळ लावायचे. तेवढा वेळ ती माझ्याएवढी असायची.

अमरावतीच्या एका सामन्यात उडी मारून खाली येताना तिचा गुडघा वळला. कापड फाटल्यासारखा आवाज आला असं ती सांगते. मला पायऱ्यांवर तो ऐकू आला नाही. ती पडली आणि उठली नाही, एवढंच मी पाहिलं. मी पहिल्यांदाच मैदानाच्या रेषेच्या आत गेले. तिला वाटलं, मी मंगळसूत्र घालायला आले. तशा कळा येत असतानाही तिनं मान वर केली. पण तपासणीच्या यंत्रात धातू चालत नाही आणि ऑपरेशनला तर नाहीच, म्हणून ते माझ्याच गळ्यात राहिलं. पुढचे कितीतरी दिवस मी दोन्ही घालून स्वयंपाक केला, दवाखान्यात डबे नेले, अंघोळीच्या वेळी दोन्ही सांभाळली. ती घरी आल्यावर सासूबाईंनी हळदीकुंकू लावून मला ते तिच्या गळ्यात घालायला लावलं. ती पलंगावर बसलेली होती, त्यामुळे वाकावं लागलं नाही.

"आता काढाची वेळ नाई येनार, ताई," ती म्हणाली. डॉक्टरांनी खेळायला कायमची मनाई केली होती. ती रडली नाही. मान भिंतीकडे वळवून बसली.

माझी मान हलकी झाली होती, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. तिचं खेळणं संपलं तसं माझं जाणंही संपलं होतं. तिच्या गुडघ्याची विचारपूस करायला गाव लोटला. मला कोणी काय विचारणार?

नीट चालता येऊ लागल्यावर तिनं जाहीर केलं, "मी शिकवतो." वऱ्हाडात बायकाही मी करतो, मी जातो असंच म्हणतात, सासूबाईंनी मात्र त्यात आव्हान ऐकलं आणि विचारलं, "कोनाले? म्हशीले?" पण शाळेच्या मोकळ्या मैदानावर गावच्या वेल्डरकडून दोन रिंगा करवून तिनं सुरुवात केली. मुली कुठून आणायच्या हा प्रश्न होता. त्यावर तिनं जो मार्ग काढला, तो दुसऱ्या कोणाला सुचला असता असं मला वाटत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ती स्कूटीवरून वावरावावरांतून फिरू लागली. बांधावर उभी राहून वेचणाऱ्या मुलींचे हात पाहायची.

"मजूर पाह्यता का, मॅडम?" बाया विचारायच्या.

"मजूर नाई वो. डावा हात पाह्यतो."

तिचं म्हणणं असं की शहरातल्या मुलीचा डावा हात चेंडूवर तयार करायला वर्ष जातं. "पन जे पोट्टी दोन्ही हातानं सारखा कापूस येचते, थिले काय शिकवाचं? चेंडू कापसापेक्षा मोठाच हाये." अशीच तिला आश्विनी सापडली, आणि नाझनीन, आणि तांड्यावरच्या दोन बहिणी. माझी मुलगी पूर्वा कापूस वेचून आलेली नव्हती, पण ती घरचीच, ती आधीपासूनच काकूच्या मागे होती. मैदानावर पहिले कितीतरी दिवस सविता त्यांना चेंडू टाकूच द्यायची नाही. नुसतं पळायचं आणि शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायचं. "पयता तं बकरीले बी येते. थांबता आलं पायजे," असं ओरडायची. मी घराच्या गच्चीवरून ऐकायचे. आता तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, त्याच्यावर शिट्टी होती, आणि तिला माझी काही गरज नव्हती.

मग पहिला सामना ठरला आणि तीच जुनी अडचण पुन्हा आली. आश्विनीच्या गळ्यात देवीचा गंडा, नाझनीनच्या गळ्यात ताविज, बाकीच्यांच्या गळ्यात काळे दोरे. आश्विनीची आई मैदानावर येऊन उभी राहिली. "मॅडम, गंडा काढून पिशवीत टाकू देत नाई मी. पोरीले नजर लागते."

"पिशवीत कोन टाकते?" सविता म्हणाली. "आमच्या ताईच्या गळ्यात राहीन. माहं मंगळसूत्र इतकी वर्सं तिथंच व्हतं. नवरा पाह्यला ना माहा? कसा धडधाकट हाये!"

आश्विनीच्या आईनं विचार केला आणि ती तयार झाली. नाझनीनच्या आईनंही ताविज दिला. मला कोणी विचारलं नव्हतं, नेहमीप्रमाणे. सविता घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "ताई, रविवारी उमरखेडले मॅच हाये. गळा रिकामा ठेवा."

मी वरवर रागावले. रविवारी पहाटेच तयार होऊन बसले.

तेव्हापासून मी संघाबरोबर जाते. गंडे, दोरे, ताविज गळ्यात, कानातली रुमालात, बांगड्या मनगटात. माझ्याकडे पाहून परक्या गावचे लोक मला कोणी अंगात येणारी बाई समजतात. मुली जिंकल्या की सगळ्या सविताकडे धावतात, तिला घेरतात, तिच्या गळ्यात पडतात. मी पायऱ्यांवरून पाहत राहते. अजूनही मला ते पाहवत नाही. पण मी एक हिशेब करून ठेवला आहे: तिच्याकडे त्या जिंकल्यावर जातात, माझ्याकडे जिंकल्या काय, हरल्या काय, यावंच लागतं. एकेक येऊन मान वाकवते. "माहा कोनता, काकू?" मला प्रत्येकीचा माहीत असतो.

पूर्वाचं मात्र मला जड गेलं. केळापूरच्या सामन्यात तिचे सहापैकी चार फ्री थ्रो हुकले आणि संघ तीन गुणांनी हरला. ती सविताकाकूच्या मांडीत डोकं खुपसून रडली. मी तीन पावलांवर होते. घरी आल्यावर मी तिला सरळ सांगितलं, की चारांतले चारही गेले असते तर एकानं जिंकलो असतो. पूर्वा ताटावरून उठली. "काकू असं नाही बोलत कधी."

सविता मागं आली. "हिशेब बराबर हाये तुमचा, ताई," ती हळूच म्हणाली. "पन थो सोमवारी सांगा. हारल्या दिवशी पोरीले नुसतं जेवू घाला."

माझ्याच मुलीला जेवू कसं घालायचं, हे मला तिनं सांगावं! आणि ते बरोबर असावं! मी सोमवारी सांगितलं. पूर्वानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सकाळी मैदानावर जाऊन फ्री थ्रो टाकत बसली. मला याचाही राग आला.

मागच्या वर्षी सविताच्या मुली विभागात पहिल्या आल्या, आणि त्यानंतर दूरच्या एका जिल्ह्यातून तिला फोन आला. मुलींचं निवासी क्रीडाकेंद्र, लाकडी मैदान, राहायला घर. दिनेशभाऊजींची तयारी होती. इथला संघ पाहायला आश्विनी आता शिकून तयार झाली होती. सविता सासूबाईंकडे गेली. सासूबाई हल्ली बाजेवरून उठत नाहीत. त्या म्हणाल्या, "मले नोको विचारू. थोरलीले विचार. घर थिचं हाये आता."

आणि म्हणून, या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मला कोणीतरी विचारलं.

सविता स्वयंपाकघरात आली. मी तूरडाळ पाखडत होते. "तुम्ही नोको म्हनसान तं नाई जानार मी," ती म्हणाली. "आज फोन कराचा हाये त्याईले."

तिची कंबर मी पाहिली. तिला खरंच जायचं होतं, आणि मी नको म्हटलं असतं तर ती खरंच थांबली असती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

फोन आल्यापासून माझ्या मनात एकच चित्र होतं. तिथल्या लाकडी मैदानाच्या पायऱ्यांवर कोणीतरी एक बाई बसली आहे. सविताच्या मुलींचे दोरे तिच्या गळ्यात आहेत. ती उंच आहे, तिच्यासमोर मुलींना फारसं वाकावंही लागत नाही. परतीच्या गाडीत सविता तिला विचारते, पाच नंबरच्या पोरीनं किती टाकले? आणि त्या बाईला आकडे माझ्यापेक्षा चांगले आठवतात. या बाईला मी पाहिलेलं नव्हतं, तरी घरातल्या कोणाचा केला नसेल इतका हेवा मी तिचा केला.

"जा," मी म्हटलं. "जायलाच पाहिजे. असं पुन्हा येत नाही. अगदी खुशाल जा."

"खरंच?"

"खरंच. जा म्हणते ना मी."

तिनं मोबाईल उचलला. घरात रेंज येत नाही, फोनसाठी अंगणात जावं लागतं. ती दारापर्यंत आली आणि थांबली. मग हसायला लागली.

"ताई, तोंडानं तं जा म्हनून राह्यल्या. कंबर पाहा कोठी हाये तुमची."

मी पाहिलं. मी कधी उठले होते मला माहीत नाही. सूप खाली पडलं होतं, डाळ सांडली होती, आणि मी दारात आडवी उभी होते. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंवर.

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "तिथल्या मुलींचे गंडेदोरे कोणाच्या गळ्यात ठेवशील?"

सविता, पूर्वी वाकायची तशी, दुखऱ्या गुडघ्यासकट वाकली आणि तिनं तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणला.

"तिथं लॉकर हायेत, ताई. एकेका पोरीले एकेक."

"कोणी बाई नाही?"

"नाई वो. लॉकरच. लोखंडाचे."

लोखंडाच्या कपाटाचा हेवा करण्याचं मला काही कारण नव्हतं. मी हात खाली घेतले आणि बाजूला झाले.